अडलेला थ

पडद्यावर थ उगवला आणि तिथेच अडला.

चांगला भरीव थ, बाजूने फिरून पाहावा असा जाडजूड. तो थरथरला, पुढे सरकला, पुन्हा मागे आला. त्याच्या पाठीवर दुसरा थ येऊन आदळला, मग तिसरा. पडद्याच्या काठाशी नुसती चेंगराचेंगरी. आवाज फिल्म करणाऱ्या मुलीचाच होता. "थ… थ… थ…"

पहिल्या रांगेत वकीलसाहेबांचा जीव वरखाली होऊ लागला. मुलीचं हे शेवटच्या परीक्षेचं काम, हलत्याफिरत्या अक्षरांची फिल्म, आणि परीक्षक बाई त्यांच्या शेजारीच बसलेल्या. वकीलसाहेबांनी जन्मभर दुसऱ्यांच्या वतीने बोलून पैसे मिळवले होते. मुलीच्या वतीने ते फुकट बोलत. ती अडखळली की उरलेला शब्द पुरा करून टाकत. दुकानात, शाळेत, फोनवर. लेकीचे हाल त्यांना बघवत नसत, एवढंच.

मागे कुणीतरी घसा खाकरला. थ आता एकमेकांच्या अंगावर चढत होते.

"थोडं," वकीलसाहेब न राहवून पुटपुटले. "थोडं म्हणायचंय तिला."

"अहो, गप्प बसा." बायकोने चिमटा काढला.

तेवढ्यात ढीग कोसळला. एकच थ उरला, धापा टाकत. त्याच्या शेजारी सावकाश काना येऊन उभा राहिला, वरून अनुस्वार टपकन डोक्यावर पडला, आणि मागून रमतगमत बा आला.

थांबा.

शब्द स्वतःभोवती एकदा फिरला, सगळ्या बाजू दाखवून, आणि पडदा काळा झाला.

टाळ्या वाजल्या. वकीलसाहेबांचे हात मांडीवरच राहिले. आजवर आपण तिचे किती शब्द पुरे केले, आणि त्यातले किती तिचे नव्हतेच, हे त्यांना कळेना.

दिवे लागले. परीक्षक बाई उठून मुलीपाशी गेल्या. "छान झालंय हं. आणि माझ्या शेजारी पुटपुटत होते ते कोण?"

मुलीने वळून पाहिलं. "ते माझे ब… ब…"

शब्द वकीलसाहेबांच्या जिभेवर आयता तयार होता. बायको त्यांच्याकडे पाहू लागली. बाईही पाहू लागल्या.

वकीलसाहेब उठले. दोन्ही हात पाठीमागे बांधून, निकाल ऐकायला उभं राहावं तसे, उभे राहिले.