गळका कोपरा

विमा कंपनीचा माणूस धाकट्या जावेच्या तिसऱ्या शिलाई मशीनचा फोटो काढू लागला, तेव्हा थोरलीची लाटी पोळपाटावर तशीच राहिली. तीस वर्षं तिने याच घरात पापड लाटले होते. त्यांचा फोटो काढायला कधी कुणी आलं नव्हतं.

"घरातल्या शिवणकामाला कसला गं विमा?"

"घराच्या विम्यात धंदा धरत नाहीत, ताई. म्हणून वेगळा काढतेय. लोकांची लग्नाची कापडं असतात माझ्याकडे. काही झालं तर कुठून भरून देऊ?"

"हो बाई, तुझा धंदा. माझे आपले पापड."

फॉर्म भरता भरता त्या माणसाने विचारलं, "छप्पर गळतं का?"

"नाही," धाकटी पटकन म्हणाली.

थोरलीला राहवलं नाही. "नाही कसं? तुझ्या कापडांच्या कपाटावरच गळतं की! मागच्या पावसात मीच तिथे पातेलं ठेवत होते."

धाकटीचा चेहरा उतरला. थोरलीच्या जिवाला गार वाटलं.

"बरं झालं सांगितलंत, काकू," तो म्हणाला. "हे लपवलं असतं आणि पुढे कापडं भिजली असती, तर भरपाई नाकारली असती. कौलं दुरुस्त करून घ्या. मी पुन्हा येऊन बघतो, मग विमा होईल."

तो गेल्यावर धाकटीने तिचे दोन्ही हात धरले. "मी घाबरून खोटं बोलले, ताई. तुम्ही वाचवलंत."

थोरलीने हळूच हात सोडवून घेतले.

"पीठ लागेल तुझ्या कापडांना," एवढंच तिला बोलता आलं.