नाही म्हणायचं नाही

घड्याळवाल्याच्या दुकानातून पेन्सिल बाहेर पडली आणि समोर भिंगरी. दोघी मैत्रिणींची टक्कर होता होता राहिली.

"काटे संपले," पेन्सिल म्हणाली. "पुलापलीकडे दुसरं दुकान आहे, तिथं जा."

दीड महिन्यानंतर ती भिंगरीशी बोलली होती, आणि एवढं बोलून पळालीसुद्धा. भिंगरी पुलाकडे वळणार, तेवढ्यात काचेतून तिला आतला डबा दिसला. तुटक्या काट्यांनी गच्च भरलेला.

म्हणजे थाप. आणि तीही पेन्सिलनं मारलेली, जी चाचणीत चुकून एक गुण जास्त मिळाला तरी बाईंना परत करायला जायची.

भिंगरी आत शिरली.

"काका, एक काटा द्या ना. कुठल्याही घड्याळाचा चालेल."

"सकाळपासून शंभर पोरं येऊन गेली," घड्याळवाला डोळ्याला लावलेलं भिंग न काढता म्हणाला. "मिनिटकाटा घेऊन जा. तासकाटे फार रेंगाळतात."

ही वाचनालयाची दरवर्षीची शोधशर्यत होती. हातात यादी, खांद्याला पिशवी, शहरभर पायी हिंडून पाच वस्तू गोळा करायच्या आणि वाचनालयाच्या पायऱ्यांवर आणून टाकायच्या. चारेकशे मुलं धावत. पण भिंगरी, पेन्सिल आणि मुकादम अशी टोपणनावं पडलेल्या तीन मैत्रिणींची शर्यत त्याच शर्यतीच्या पोटात वेगळी चालायची. तिघींत जी आधी पोचेल तिनं बाकीच्या दोघींपैकी एकीकडे एक गोष्ट मागायची. मागितल्यावर नाही म्हणायचं नाही. गेल्या वर्षी पेन्सिलनं भिंगरीला अख्खा एक दिवस गप्प राहायला लावलं होतं. भिंगरीनं भूगोलाच्या तासाला नदीचा उगमसुद्धा हातवारे करून दाखवला, बाईंची बोलणी खाल्ली, पण तोंड उघडलं नाही.

यंदा काय मागणार ते तिनं सुरुवातीच्या रेषेवरच सांगून टाकलं होतं. "मी जिंकले की पेन्सिलनं खरं सांगायचं. माझ्याशी बोलणं का टाकलं?"

पेन्सिलचा चेहरा उतरला होता. तिनं वाकून बुटाची नाडी आणखी आवळली.

भिंगरीला दुसरं काही नकोच होतं. दीड महिना तिनं एकटीनं डबा खाल्ला होता. माफीच्या तीन चिठ्ठ्या लिहिल्या होत्या, कशाची माफी ते माहीत नसताना. तिची शाळेच्या संघात निवड झाली म्हणून पेन्सिल जळते, असं मुकादमचं ठाम मत होतं. भिंगरीला ते आजवर पटलं नव्हतं. काट्यांचा तो डबा पाहिल्यावर पटायला लागलं.

काय मागणार ते सकाळी आईलाही तिनं सांगितलं होतं. आई पलंगावर उशीला टेकून बसली होती. भिंगरीची वेणी बाबा घालत होते. गेला महिनाभर आई त्यांना शिकवत होती.

"त्यापेक्षा तिची सायकल माग ना," आई म्हणाली. "बोलेल ती आपणहून. कशाला खोदून विचारायचं?"

"सायकल काय करायचीय? बाबा, ही वेणी आहे की गाठोडं?"

"धावताना सुटणार नाही, गॅरंटी," बाबा म्हणाले.

आई हसली, आणि मग बराच वेळ वेणीकडे बघत राहिली.

शेवटची वस्तू होती गेलेला बल्ब. भिंगरी वायरमनच्या दुकानात पोचली तेव्हा पेन्सिल बल्ब पिशवीत टाकून निघालीच होती.

"ताई, तुमची मैत्रीण काय खाते?" वायरमन म्हणाला. "मी शिडीवरून उतरेपर्यंतसुद्धा थांबली नाही. स्वतःच चढली."

पेन्सिल, जिला बाकावर उभं राहिलं तरी गरगरायचं. मला हरवायला एवढा आटापिटा, भिंगरीच्या मनात आलं. डोळे पुसायला वेळ नव्हता, म्हणून ती तशीच धावली. मंडईच्या मागच्या बोळातून, धोब्याच्या दोऱ्यांखालून, ओल्या चादरी तोंडावर घेत. वाचनालयाच्या चौकात तिनं पेन्सिलला गाठलं.

पायऱ्यांशी पेन्सिलनं मागून तिची पिशवी धरली.

"थांब," ती धापा टाकत म्हणाली. "एवढ्या एका वेळी मला पुढे जाऊ दे."

भिंगरीनं हिसडा दिला आणि पिशवी पायऱ्यांवर नेऊन आपटली. टेबलामागच्या ग्रंथपालांनी वहीत बघितलं. भिंगरी एकोणिसावी, पेन्सिल विसावी. थोड्या वेळानं तुटकी चप्पल हातात घेऊन मुकादम आली, सत्तेचाळिसावी.

"चप्पल तुटली नसती तर दोघींना धूळ चारली असती," ती म्हणाली आणि मग दोघींचे चेहरे बघून तिनं चप्पल खाली ठेवली.

"सांग," भिंगरी म्हणाली.

"दुसरं काहीही माग. माझी सायकल घे. वर्षभर तुझा गृहपाठ करते."

"मला हेच हवंय."

पेन्सिलनं मुकादमकडे पाहिलं. मुकादमनं मान हलवली. "नाही म्हणायचं नाही. तुझाच नियम आहे."

पेन्सिल पायरीवर बसली.

"माझी आई नर्स आहे ना. तिचा डबा द्यायला मी दवाखान्यात गेले होते. तिच्या वॉर्डात कोपऱ्यातल्या खाटेवर तुझी आई होती. तुझी परीक्षा होईपर्यंत तुला कळू द्यायचं नाही, म्हणून तुझ्या आईनं माझा हात धरून शपथ घातली. मला खोटं बोलता येत नाही, तुला माहितीये. तुझ्याशी बोलले असते तर तोंडातून निघालं असतं."

"काय निघालं असतं?"

"डॉक्टर तेव्हा तीन महिने म्हणाले होते," पेन्सिल म्हणाली. "त्यातला दीड झाला."