मधली चित्रं

घरच्या घरी कार्टून फिल्म करायची म्हणून ताई आणि मी सॉफ्टवेअर निवडत होतो. आपण पहिलं आणि शेवटचं चित्र काढायचं, मधली चित्रं सॉफ्टवेअर भरतं. मी ताईचीच दोन चित्रं काढली. एकात ती खुर्चीत बसलेली, दुसऱ्यात दारात उभी.

पहिल्या सॉफ्टवेअरने मधल्या चित्रांत एक हात दाखवला. त्याने हातोडीने ताईचं डोकं फोडलं.

"माझ्यावरचा राग असा काढतोस होय रे?" ताई हसली.

दुसऱ्यातही तोच हात, तीच हातोडी. घाव मात्र तीन.

तिसऱ्यासाठी ताईने दोन्ही चित्रं स्वतः काढली. आता हात कोपरापर्यंत दिसला. मनगटावर माझा भाजल्याचा डाग होता.

ताई खुर्चीतून उठली आणि दाराकडे निघाली.

"अगं, थांब ना!" तिला अडवायला मी हात उचलला. माझ्या मुठीत काहीतरी जड होतं.