झेंडूआडची तसबीर

कार्मेनबाईंनी दार उघडलं. चपला काढता काढताच स्वरूपानं भिंत चाचपून दिव्याचं बटण दाबलं. हाताची सवय अजून गेली नव्हती. फुनाबोरीच्या याच फ्लॅटमधून ती चार वर्षांपूर्वी नवऱ्याच्या थापांना विटून बाहेर पडली होती.

"बटण बरं सापडलं," कार्मेनबाई जपानीत म्हणाल्या.

"इथले सगळे फ्लॅट सारखेच," स्वरूपानं आखूड केस कानामागे सारत चष्मा पुसला.

जपानातल्या मेक्सिकन कुटुंबांच्या घरांचे आतले फोटो ती काढत होती. कार्मेनबाईंचा पत्ता नेमका हाच निघाल्यावर तिला राहवेना. रणजित आता कावासाकीला राहत होता आणि रोज मेसेज करत होता. 'परत ये. मी बदललोय. तू गेल्यावर त्या घरात तुझ्या फोटोसमोर बसून असायचो.' आज त्याला हो की नाही ते कळवायचं होतं.

आतल्या खोलीत गौरींच्या आराशीसारख्या पायऱ्या मांडल्या होत्या. झेंडू, गोड पाव, पाण्याचे पेले, म्हाताऱ्या माणसांचे फोटो.

"या दिवसांत आमची गेलेली माणसं घरी येतात," कार्मेनबाई म्हणाल्या.

म्हणजे यांचा पितृपक्षच की, स्वरूपाला गंमत वाटली. तेवढ्यात कोपऱ्यातल्या फुलांआडून चंदनाचा हार डोकावला. तो तिनं लगेच ओळखला. सासूबाईंच्या तसबिरीवरचा तो हार तीच तर पुसायची.

"हा फोटो कुणाचा?"

"आधीच्या भाडेकरूचा. तुमच्याच देशातला. आम्ही घर बघायला आलो तेव्हा सामान बांधत होता. फार रडला बिचारा. म्हणाला, नव्या घरी न्यायचा धीर होत नाही. मी म्हटलं, राहू दे तिला आमच्या माणसांत."

स्वरूपाला भरून आलं. आई गेली तेव्हा रणजितनं डोळ्यांतून टिपूस गाळला नव्हता. माणूस खरंच बदलला म्हणायचा. तिनं फोन काढून 'येते' असं लिहिलं. आधी एवढा फोटो घेऊ आणि मग पाठवू, असं ठरवून तिनं कॅमेरा डोळ्याला लावला.

कोपरा नीट दिसेना, म्हणून तिनं झेंडू अलगद बाजूला सारला.

चंदनाच्या हारात, नाकात नथ आणि कपाळाला मुंडावळ्या बांधून, ती स्वतःच हसत होती.