बिनफटीची पेटी

"बाबा, गुदमरला हा!" लेकीने पेटीचं दार खाडकन उघडलं. गरम हवेचा भपका तोंडावर आला. कॉम्प्युटर पुन्हा बंद पडला होता.

सुताराचं तोंड एवढंसं झालं. कारखान्यातला भुसा त्या कॉम्प्युटरच्या डब्यात शिरायचा, आतले पंखे अडकायचे आणि लेक काढत असलेली कपाटांची चित्रं अर्ध्यावरच राहायची. म्हणून त्याने खपून ही सागवानी पेटी केली होती, अख्खा डबा आत मावेल अशी. सांधे असे बसवले होते की सुईसुद्धा शिरू नये. भुसा शिरला नाही, हे खरंच. पण मग हवा तरी कुठून शिरणार, हे त्या शहाण्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मी आपली मैत्रिणीच्या ऑफिसातच बसते आता," लेक म्हणाली. "तिथे धूळ नाही, आणि तुमच्याही कामाचा खोळंबा नको."

झालं! जे ऐकायला लागू नये म्हणून एवढा खटाटोप केला, तेच ऐकावं लागलं. ती कोपऱ्यात बसून मधूनच विचारायची, 'बाबा, हा खण दोन बोटं वाढवू का?' तेवढ्यावर त्याचा दिवस सोन्याचा व्हायचा. पण पोरीला हे सांगायचं कोणत्या तोंडाने? तो नुसता पेटीवरून हात फिरवत राहिला.

"अहो, कुरवाळताय काय तिला?" जेवणाचा डबा घेऊन आलेली बायको म्हणाली. "भोकं पाडा!"

"भोकं? एवढं सुबक काम केलंय मी!"

"मग बसा सुबक पेटीकडे बघत. पोर चालली."

त्याने ड्रिल उचललं. पहिल्या भोकाला जीव कळवळला. पुढे पुढे मात्र स्वारी शीळ घालायला लागली. आता लेकीलाही राहवेना. तिने एका बाजूच्या भोकांमागे हवा आत ओढणारा पंखा बसवला. आईने जेवणाच्या डब्याला गुंडाळून आणलेली आपली जुनी मलमलची ओढणी दुहेरी करून त्या भोकांवर बाहेरून ताणून ठोकली.

"इथूनच हवा गाळून घ्यायची, आणि भरपूर घ्यायची," लेक म्हणाली. "मग बाकीच्या भोकांतून ती बाहेरच पडत राहील. भुसा शिरेलच कसा?"

"बघू तर!" कॉम्प्युटर सुरू होताच सुताराने मूठभर भुसा घेतला आणि मागच्या भोकांसमोर वाकून हळूच सोडला. सगळा भुसा फुर्रकन उडून त्याच्याच मिशांत! मायलेकी पोट धरधरून हसल्या. तोही शिंकत शिंकत हसला.

जेवणं झाली. बायको घरी गेली. कॉम्प्युटर आपला चालूच. सुतार एक फळी घेऊन हातानेच रंधा मारत बसला. विजेची करवत लावायची त्याची काही छाती होईना. भुशाचा लोट उठला आणि पोरीचं मन पुन्हा फिरलं तर?

शेवटी त्याने फळीकडे बघतच विचारलं, "मग, मैत्रिणीकडे कधी निघणार?"

"बाबा," लेक पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "आधी ती करवत लावा बघू. एवढ्या शांततेत मला काही सुचत नाही."