ड्वेन गप्प बसतो

“तोंड उघडलंस तर या शेंगा टरफलासकट घशात कोंबीन,” लोरेन दबक्या आवाजात म्हणाली आणि तिने उकडलेल्या शेंगांची पिशवी नवऱ्याच्या मांडीवर आदळली.

ड्वेन हॉलिसने नुसती मान डोलावली. समोर कोर्टवर त्यांची कॅसिडी सर्व्हिसच्या तयारीत होती आणि कुंपणाच्या जाळीपाशी, टोपी डोळ्यांवर ओढून, ब्रिजेट सँडोव्हाल उभ्या होत्या. एका नामांकित कॉलेजच्या टेनिस प्रशिक्षक. त्यांनी कॅसिडीला निवडलं, तर कॉलेजचं शिक्षण फुकट आणि पुढे व्यावसायिक स्पर्धांचा रस्ता मोकळा. नाही निवडलं, तर बापाच्या ट्रॅक्टर-दुरुस्तीच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं. त्यात कमीपणा काही नाही, पण त्यासाठी कुणी लहानपणापासून पहाटे उठून रॅकेट फिरवत नाही.

अडचण एकच होती, आणि ती ड्वेन होता.

ही प्रशिक्षक मंडळी मोठी बेरकी. पोरीचा फोरहँड बघतातच, पण अर्धा डोळा आईबापांवर असतो. पोरीबरोबर बापही पदरात पडणार ना! त्यातून ज्युनियरच्या सामन्यांत खुर्चीवर पंच नसतो. चेंडू आत पडला की बाहेर, ते खेळणाऱ्या मुलींनीच सांगायचं. ड्वेनला हे कधी मानवलंच नाही. एका प्रशिक्षकासमोर तो पिकअपच्या टपावर चढला होता, दुर्बीण लावून, आणि तिथून समोरच्या मुलीचे डोळे तपासून घ्यायला सांगत होता. दुसऱ्या वेळी त्याने प्रतिस्पर्धी मुलीच्या आजीशी भांडण काढलं. खरं सांगायचं तर ते भांडण आजीने जिंकलं. दोन्ही कॉलेजांनी पुढे तेच कळवलं, पोरगी गुणी आहे हो, पण वडील जरा…

म्हणून आज सकाळी कॅसिडीने त्याचे दोन्ही हात धरले होते. “डॅडी, फक्त आजचा दिवस. माणसासारखा बस.”

ड्वेनला गलबलून आलं होतं. पोरीच्या वाटेतली धोंड आपणच आहोत, हे कुठल्या बापाला ऐकवेल?

तर तो माणसासारखा बसला. टाळी नाही, हुंकार नाही, साधं खाकरणंसुद्धा नाही. शेंगा खायचा आणि टरफलं बाकाखाली टाकायचा.

पण झालं भलतंच. कॅसिडीचा खेळच बसेना. सर्व्हिस जाळ्यात, बॅकहँड कुंपणावर. प्रत्येक गुणानंतर ती बावचळून बाकाकडे बघे, घरातलं टिकटिकणारं घड्याळ अचानक बंद पडावं तशी. समोरची पेटन वेणी उडवत आरामात गुण गोळा करत होती. पहिला सेट गेला. दुसराही निसटायला लागला. ब्रिजेटबाईंनी खिशातून गाडीची किल्ली काढली.

ड्वेनने ती किल्ली बघितली आणि त्याच क्षणी त्याच्या घोट्याला काहीतरी चावलं.

बाकाखाली लाल मुंग्यांचं वारूळ होतं. या मुंग्या जॉर्जिया राज्यात जागोजागी, तिथलं शेंबडं पोरही आधी खाली बघतं आणि मग टेकतं. ड्वेन मात्र आज बाईंकडे बघत टेकला होता, आणि वर तासभर वारुळावर टरफलांचा मारा चालवला होता.

पहिला चावा त्याने गिळला. पुढचेही काही गिळले. पोरीसाठी माणूस काय काय सोसत नाही! मग मुंग्या गुडघ्याच्या वर पोचल्या.

“मेलो! लोरेन, मेलो गं! वर चढल्या!”

तो बाकावरून उडाला. एक बूट काढून त्याने भिरकावला, दुसरा निघेना म्हणून एका पायावर थयथयाट केला. लोरेन शेंगांच्या पिशवीने त्याच्या पोटऱ्या बडवू लागली. मैदानावर फेऱ्या मारणारे अधिकारी गाडी घेऊन धावत आले. “साहेब, खेळाडूला खुणा करताय का?”

“खुणा कसल्या डोंबलाच्या! मला मुंग्या खातायत!”

अधिकारी विचारात पडले. नियमांत मुंग्यांबद्दल काहीच नव्हतं.

पेटनची सर्व्हिस जाळ्यात गेली. पाठोपाठ दुसरीही. “हे काय चाललंय?” ती रडकुंडीला आली.

“काही नाही, माझे डॅडी आहेत,” कॅसिडी म्हणाली. “खेळ तू.” आणि सकाळपासून आखडलेले तिचे खांदे पहिल्यांदा सैल झाले. तिने तो सेट घेतला, मग तिसराही घेतला. बाकाकडे मात्र तिने एकदाही वळून बघितलं नाही.

ड्वेनला ते दिसलंच नाही. तो केव्हाचा पिकअपच्या मागे जाऊन, बर्फाच्या पेटीत पाय बुडवून ढसाढसा रडत होता. ब्रिजेटबाई समोर येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा तो तसाच, पेटीसकट, उठायला गेला.

“बाई, चूक माझी आहे. पोरीला शिक्षा नको. मी तिच्या एकाही सामन्याला येणार नाही. परत कधीच नाही, शप्पथ!” तिचा एकही सामना त्याने आजवर चुकवला नव्हता.

“येणार नाही म्हणजे?” बाई दचकल्या. “अहो, आमच्याकडचे सामने कधी बघितलेत का? लोक ढोल बडवतात. सर्व्हिसच्या वेळी पोरींच्या नावाने बोंबलतात. माझ्या एकेक पोरी रडत बाहेर येतात. आणि तुमची कॅसिडी? बाप एका बुटावर नाचत होता, आणि ही शांतपणे चेंडूचे टप्पे पाडत होती. तिची जागा पक्की, तसं मी तिला आत्ताच सांगून आले.”

ड्वेन मटकन खाली बसला, पाय पेटीतच.

बाईंनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. “तुमच्याकडे वेगळंच काम होतं. मंगळवारी सरावाला याल का? बाकीच्या पोरींनाही जरा सवय होऊ दे.”