पश्चिमेच्या खिडक्या

“छज्जा चुकलाय,” मुलगी म्हणाली, आणि वॉर्डातल्या सगळ्यांनी तिच्या बापाकडे पाहिलं.

बाप म्हणजे मिस्त्री. लहान मुलांचं हे रुग्णालय त्यांनीच बांधलेलं. चारही बाजूंच्या खिडक्यांवर दोन फुटांचा छज्जा, एका सुतात. मिस्त्रींचं माप म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. “माप मी घेतो, मला कुणी सांगायचं नाही,” हे त्यांचं पालुपद. चाळीस वर्षांत कुणी सांगितलंही नव्हतं. आता इमारत गार कशी करायची ते विचारायला रुग्णालयानं इंजिनीअर नेमली, ती नेमकी त्यांच्या पोटची पोर निघाली. तिचं हे पहिलंच काम.

“चिमे, तू जन्मायच्या आधीपासून ऊन अडवतोय मी.”

“डोक्यावरचं अडवता, बाबा. पश्चिमेचं ऊन चार वाजता छज्ज्याखालून आत शिरतं. इथे बाहेरून उभ्या, तिरक्या फळ्या हव्यात.”

“त्यापेक्षा आतून जाड पडदे लावू की,” मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“चोर घरात शिरल्यावर कडी लावून काय उपयोग?” मुलीनं विचारलं.

मिस्त्रींचं डोकं वॉर्डापेक्षा जास्त तापलं. लेकीला खोटं पाडायचंच म्हणून त्यांनी एका खोलीच्या खिडकीला स्वतःच्या हातानं फळ्या ठोकल्या. पण कामात कसूर केली नाही, ते रक्तातच नव्हतं. शेजारची खोली होती तशीच ठेवली. दोन्हीकडे थर्मामीटर टांगले.

दुसऱ्या दिवशी चार वाजता सगळे जमले. मुलीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. चुकली तर काम जाणार, आणि बापाला चारचौघांत खाली पाहायला लावलं ते वेगळंच.

मिस्त्री आधी शेजारच्या खोलीत गेले. अडतीस. मग फळ्यांच्या खोलीत आले. तेहतीस. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. काचेवर तळहात टेकवला, तो चटका बसेना म्हणून तसाच ठेवला. रोज या वेळेला रडून गोंधळ घालणारं खाटेवरचं पोर गाढ झोपलं होतं.

“मिस्त्री, वाईट वाटलं?” डॉक्टरीणबाईंनी हळूच विचारलं.

“वाईट कसलं! माझी चूक काढायला माझ्याच घरचं माणूस लागलं. बाहेरच्या कुणाला जमलं होतं का?”

त्यांचा ऊर भरून आला होता आणि ते लपवायचं त्यांच्या मनातही नव्हतं. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, वही उघडली आणि लेकीसमोर ताठ उभे राहिले.

“अजून अकरा खिडक्या आहेत, मॅडम. मापं सांगा.”